गारगोटीचं डावखुरं पिस्तूल

"विकायचं नाही," खराडेसाहेब म्हणाले आणि बशीतला चहा फुंकत बसले.

मी ताहेरभाईंकडे पाहिलं. ज्या माणसानं आठ महिने गावोगावी पत्रं धाडून हे पिस्तूल शोधून काढलं होतं, तो माणूस ऐन वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"पण साहेब, आम्ही कोल्हापूरहून त्यासाठीच आलोय," मी म्हटलं. "तुम्हाला आधी कळवलं होतं ना?"

"कळवलं होतं की. मी म्हटलं, बघायला या. बघितलंस न्हवं?"

बघितलं होतं. तेच तर वाईट झालं होतं. टीपॉयवर लाकडी पेटी उघडी होती आणि तिच्यात ते बावीस बोअरचं जर्मन पिस्तूल होतं. मी ते जेमतेम अर्धा मिनिट डाव्या हातात धरलं असेल. अक्रोडाची मूठ तळव्यात अशी बसली, की मला हसूच आलं. जन्मल्यापासून बावीस वर्षं मी उजव्यांच्या जगात वावरत होते. कात्री उजव्यांची, कॉलेजातल्या खुर्चीची फळी उजव्यांची, आणि तिळगुळाला डावा हात पुढे केला की बायकांच्या कपाळाला आठ्या. पहिल्यांदाच कुणीतरी एक वस्तू माझ्यासारख्यांसाठी घडवली होती आणि ती गारगोटीत एका निवृत्त फॉरेस्ट रेंजरच्या कपाटात पडून होती.

"विकायचं नव्हतं तर मग बोलावलंत कशाला?" माझा आवाज चढला.

"मंदा," ताहेरभाई हळूच म्हणाले.

"बोलावलं अशासाठी," खराडेसाहेबांनी बशी खाली ठेवली, "की विकणार नाही, पण आणीन. मंगळवार, गुरुवार, रविवार. लायसनवाला हजर असला तर त्याच्या देखत दुसऱ्यानं सराव केलेला चालतो. तू मार, मी मागं बसतो. मारून झालं की मी माझं पिस्तूल घेऊन माझ्या घरी."

"आणि निवड चाचणीला? ती पुण्याला आहे."

"पुण्याला पण येईन."

"आठवड्यातनं तीनदा गारगोटीहून कोल्हापूरला येणार तुम्ही?"

"एस्टी असते की," ते म्हणाले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. आज मी पोरींना नेमबाजी शिकवते, आणि माझ्या हाताखालची डावखुरी पोर घरबसल्या डावखुऱ्या पिस्तुलाची मागणी नोंदवते. तिला हे सांगितलं तर ती माझ्याकडे दयेनं बघते. पण तेव्हा बाहेरून पिस्तूल मागवायची परवानगी नाव कमावलेल्या नेमबाजालाच मिळायची आणि नाव कमवायला आधी पिस्तूल लागायचं. माझ्यासारखीला एकच वाट, आधीच देशात आलेलं एखादं जुनं पिस्तूल कुणाकडून तरी विकत घ्यायचं. त्यातही डावखुरं. कंपनीनंच ते मोजकं काढलेलं.

माझा सगळा सराव क्लबच्या उजव्या पिस्तुलावर चाले. आमची नेमबाजीची रेंज कोल्हापूरबाहेर एका जुन्या दगडखाणीत होती. मूठ नीट बसत नव्हती, त्याचं मला काही वाटत नव्हतं. माझे तात्या, केरबा चौगुले, उद्यमनगरच्या फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न बनवण्यात हयात घालवलेले. त्यांनी मला डावी मूठ कोरून दिली असती. खरी आफत वेगळीच होती. उजव्या पिस्तुलातून गोळी सुटली की रिकामं पितळी काडतूस, आम्ही त्याला टोपण म्हणतो, उजव्या बाजूनं उडतं. उजवा माणूस असला तर ते लांब पडतं. डावखुरा असला तर त्याचं तोंड नेमकं त्याच बाजूला असतं. तापलेली टोपणं माझ्या गालावर, चष्म्यावर, एकदा तर ब्लाउजच्या गळ्यात. डाव्या डोळ्याखाली भाजल्याचा डाग अजून आहे. डाग परवडला, पण पुढे पुढे चाप दाबायच्या आधीच डोळा मिटायला लागला. डोळा मिटला की गोळी गेलीच.

एप्रिलच्या शेवटी राज्य संघाची निवड चाचणी होती. मुलींच्या जागा तीन. आत्यानं माझ्यासाठी इस्लामपूरचं एक स्थळ आणून ठेवलं होतं आणि तात्यांनी तिला कसंबसं एप्रिलपर्यंत थोपवलं होतं. संघात आले तर पुढे नोकरी, खेळ, सगळं. नाही आले तर इस्लामपूर. आई मी चौदा वर्षांची असतानाच गेली होती, त्यामुळे आत्याला दुसऱ्यांदा थोपवणारं घरात कुणी नव्हतं.

लक्ष्मीपुरीतले ताहेरभाई पीकसंरक्षणाच्या बंदुका दुरुस्त करणारे बोहरी दुकानदार. पांढरी टोपी, सोनेरी काठ, आणि बोलणं असं मऊ की हा माणूस बंदुका विकतो हे खरं वाटू नये. माझ्या लायसनचा अर्ज त्यांनीच भरून दिला होता. मुंबई, हैदराबाद, लखनौ, सगळीकडून नकार आल्यावर त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला आठवलं, की पूर्वी राज्य स्पर्धेत एक डाव्या हातानं मारणारा रेंजर यायचा, गारगोटीचा. एवढ्या धाग्यावरून ताहेरभाई इथवर पोचले होते. आणि हा रेंजर म्हणत होता, विकायचं नाही.

परतीच्या एस्टीत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"असला कसला हो माणूस? स्वतः वापरत नाही आणि दुसऱ्याला देत नाही!"

"जे देतोय ते घे, बेटी," ताहेरभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"आणि माझं लायसन? त्याचं काय झालं?"

"कचेरीत आता येणाऱ्या निवडणुकीची गडबड आहे. थांबावं लागेल."

घरी गेल्यावर मी तात्यांपुढे सगळी वाफ काढली. ते निवृत्त झाले होते, तरी परसात बसून छोट्या फौंड्र्यांचे पॅटर्न घासून द्यायचे. कानस थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही फंडाचे पैसे मोडायला तयार झालात, तात्या. आणि तो म्हातारा त्या पेटीवर वेटोळं घालून बसलाय. एक नंबरचा कंजूष!"

"आसं बोलू न्हाई," तात्या म्हणाले.

"का बोलू नये? तुम्ही तिथं असता तर..."

"मंदे, म्हणलं न्हवं, आसं बोलू न्हाई." मग त्यांनी कानस उचलली आणि घासायला लागले. तात्यांनी मला असं तोडून बोललेलं मला आठवत नव्हतं. मला वाटलं, पोरीचं नशीब उघडता उघडता राहिलं म्हणून त्यांचाही जीव जळतोय.

मंगळवारी सकाळी साडेसातला खराडेसाहेब खाणीत हजर. खांद्याला मेथीच्या जुड्यांनी भरलेली कापडी पिशवी. मेथी बाजूला केली, पेटी काढली, पिस्तूल पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मग घडीची खुर्ची मांडून माझ्या मागे बसले.

पहिल्या गोळीला मी सवयीनं डोळा मिटला. टोपण डाव्या बाजूनं उडालं आणि लांब जाऊन दगडावर खणकन वाजलं. दुसऱ्या गोळीला पण मिटला. विसाव्या गोळीपर्यंत मिटत राहिला.

"कोण मारतंय तुला?" मागून आवाज आला.

"कुणी नाही."

"मग मिटतीस कशाला? आज टार्गेट बघू नको. नुसतं टोपण कुठं पडतंय ते बघ."

दोन दिवस मी नेमच धरला नाही. नुसत्या गोळ्या सोडल्या आणि टोपणं बघितली. तिसऱ्या खेपेला डोळा उघडा राहिला. त्या दिवशी सहाशेपैकी माझे गुण सव्वापाचशेच्या वर गेले, आणि मग दर आठवड्याला चार-पाच गुणांनी चढत राहिले. खराडेसाहेब कधी शाबास म्हणाले नाहीत. "मनगट," एवढंच म्हणायचे. किंवा "श्वास." किंवा "घाई कसली, बस चुकतीय काय तुझी?" बस त्यांचीच चुकायची. आमचं लांबलं की ते दुपारच्या उन्हात फाट्यावर तासभर उभे असायचे, आणि घरी चला म्हटलं तर नको म्हणायचे. मला तोही माज वाटायचा. पिस्तूल पुसून, पेटीत घालून, वर मेथी रचून ते निघाले की हातातला घास कुणी काढून नेल्यासारखं वाटायचं.

महिन्याभरानं माझा संयम सुटला. त्या दिवशी पाचशे एकावन्न आले होते. ताहेरभाईही खाणीत आले होते.

"साहेब, आता तरी विका," मी म्हटलं. "माझं लायसन आज ना उद्या येईल. तुम्ही म्हणाल तो भाव."

"लायसन येऊ दे. मग बघू."

"मग कशाला बघायचं? आत्ता शब्द द्या."

"नाही देत."

"तुमचा हात चालत नाही म्हणून तुम्हाला मारता येत नाही," माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि दुसऱ्याला द्यायची दानत नाही तुमच्यात."

त्यांचा डावा हात कापायचा. सगळ्यांना दिसायचं, पण कुणी बोलायचं नाही. त्यांनी तो हात खिशात घातला. ताहेरभाई पुढे सरसावले. "मंदा, तुला माहीत नाही..." त्यांनी सुरुवात केली.

"ताहेरभाई," खराडेसाहेबांनी त्यांना थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुवारची पहिली गाडी बंद हाय. आठाला सुरू करू."

आणि खरंच, गुरुवारी आठाला ते मेथी घेऊन हजर होते. मी माफी मागितली नाही. शरम वाटत होती, पण शरमेपेक्षा राग मोठा होता. बाविसाव्या वर्षी राग नेहमी मोठाच असतो.

मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहितेबरोबर फर्मान निघालं, सगळ्या लायसनवाल्यांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावीत. निकालानंतर परत मिळतील. निकाल मे महिन्यात होता आणि आमची चाचणी एप्रिलमध्ये.

मी ताहेरभाईंच्या दुकानात जाऊन रडले. दुकानभर जमा करायला आणलेल्या बंदुका, त्यांना सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्या मधोमध मी. ताहेरभाईंनी गारगोटीला फोन लावला.

"खेळाडूला सूट हाय म्हणतात," खराडेसाहेबांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. "मी ठाण्यात विचारून आलो. ज्याचं लायसन, तो स्वतः स्पर्धेत उतरणार असला, आणि तसा कागद असला, तर पिस्तूल ठेवता येतंय."

"पण स्पर्धेत तर मंदा उतरणार."

"मी पण उतरतो. ज्येष्ठांच्या गटात. फॉर्म पाठवून द्या."

ताहेरभाईंनी रिसीव्हर हातानं झाकला आणि माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षं या माणसानं एक गोळी मारली नव्हती. चहाची बशी त्याला दोन हातांनी धरावी लागायची.

"साहेब, लोक हसतील," ताहेरभाई म्हणाले.

"हसू देत की. पुण्याची माणसं हाईत, हसून हसून किती हसतील?"

पुण्याला आधी ज्येष्ठांची फेरी होती, मग मुलींची. त्यामुळे एकाच पिस्तुलावर आम्हां दोघांना उतरता येत होतं. खराडेसाहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रेषेवर उभे राहिले. हात उचलला. पिस्तुलाची नळी वाऱ्यातल्या फांदीसारखी हलत होती. पहिली गोळी टार्गेटच्या खाली मातीत गेली. दुसरीही. तिसरी शेजारच्या टार्गेटवर लागली आणि शेजारचे कर्नलसाहेब डोळे वटारून बघायला लागले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आजोबांना घरी न्या कुणीतरी."

दहा गोळ्यांनंतर मी पंचांची परवानगी काढून त्यांच्याजवळ गेले.

"साहेब, सोडून द्या ना. उतरलात, तेवढं पुरे."

"अर्ध्यात सोडलं तर उद्या कुणीतरी म्हणेल, ह्याचं नाव नुसतं कागदावर होतं. पिस्तूल खोट्यानं आणलं म्हणतील, आणि तुझे गुण काढून घेतील." त्यांनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. "जा. तिकडं सावलीत बस. हात गार ठेव."

त्यांनी साठच्या साठ गोळ्या मारल्या. सहाशेपैकी एकशे चौऱ्याण्णव गुण. फळ्यावर त्यांचं नाव सगळ्यांत खाली लागलं. ते हात दाबत दाबत माझ्याकडे आले आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"नळी चांगली तापवून दिलीय. आता तुझं काम."

मी त्या दिवशी पाचशे त्रेसष्ट मारले. आजही डोळे मिटले तर त्यातली एकेक गोळी सांगू शकते. तिसरी जागा मिळाली, शेवटची. पुढे राष्ट्रीय स्पर्धा, रेल्वेतली नोकरी, सगळं त्या तिसऱ्या जागेतून निघालं. इस्लामपूरच्या स्थळाला आत्यानं दुसरी मुलगी बघून दिली. मी खराडेसाहेबांच्या पाया पडले, पेढे दिले, पण मनात एक बारीक खडा राहिलाच, की एवढं सगळं केलं या माणसानं, पण विकलं मात्र नाही. पुढची चार वर्षं माझ्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेला ते पिस्तूल घेऊन येत राहिले. दिल्लीला आले, चेन्नईला आले. मी इतरांना त्यांची ओळख करून देताना हसत म्हणायचे, "हे पिस्तुलाचे मालक. मी भाडेकरू." आणि घरी तात्यांपुढे कुरकुर चालूच असायची.

चार वर्षांनी, राष्ट्रीय पदक मिळाल्यावर, मी स्वतः कलेक्टर कचेरीत गेले. ताहेरभाई विचारेन तेव्हा 'थांबावं लागेल' एवढंच म्हणायचे; म्हटलं, आता हा अर्ज कुठे अडकलाय ते बघूच. शस्त्र शाखेतल्या बाईंनी फाईल काढली.

"आधीचा अर्ज नामंजूर झालाय ना तुमचा," त्या म्हणाल्या. "मग नवीन भरायला लागेल."

"नामंजूर? कधी?"

त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. पत्रावर चार वर्षांपूर्वीच्या तीन फेब्रुवारीची तारीख होती. मी गारगोटीला पहिल्यांदा गेले ती अकरा फेब्रुवारीला. खाली पोलिसांचा अहवाल डकवलेला होता. अर्जदाराचे वडील केरबा चौगुले यांना कारखान्यातील संपाच्या वेळी मुकादमास दगड मारून गंभीर दुखापत केल्याबद्दल आठ महिने सक्तमजुरी. सबब, शिफारस नाही.

मी चार वर्षांची असताना तात्या आठ महिने मुंबईला कामाला होते. घरात मला असंच सांगितलेलं होतं. तिकडून त्यांनी मला काहीच कसं आणलं नाही म्हणून मी रुसले होते, असं आई हसत सांगायची. मी फाईल मिटून बाईंना परत दिली. मग तडक लक्ष्मीपुरीत गेले.

ताहेरभाईंनी माझा चेहरा बघितला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

"पत्र तुझ्या घरी आलं, तेव्हा तू खाणीत सरावाला होतीस," ते म्हणाले. "तुझे तात्या ते घेऊन इथं आले. या स्टुलावर बसले. पत्र माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, पोरीच्या वाटेत मीच आडवा आलो. म्हणाले, तिला काय सांगू? तिला मी काय तोंड दाखवू? त्यांनी दगड मारला होता की नाही, ते मी विचारलं नाही, बेटी. आजपर्यंत नाही."

"आणि खराडेसाहेब?"

"ते तर विकायला तयार होते! होकाराचं पत्र आलं होतं त्यांचं, त्याच आठवड्यात. लिहिलं होतं, डावखुरी पोरगी हाय म्हणता, तर मिळेल त्या भावाला देतो. मग मला जाऊन सांगावं लागलं, की सौदा होत नाही, लायसनच नाही. का नाही, तेही सांगावं लागलं. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, लायसन मिळत नाही असं कळलं तर ती का म्हणून विचारणार. मग असं करा, म्हाताऱ्यानंच विकलं नाही असं होऊ दे. माझं काय जातंय? मला कोल्हापुरात कोण ओळखतंय?" ताहेरभाईंनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "तुझ्या तात्यांना मी तेव्हाच हे सांगितलं होतं. आणि त्या दिवशी मी तिथं बसून नुसतं कॅलेंडर बघत होतो. तुझ्याकडं बघायची हिंमत नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी पहिली एस्टी धरून गारगोटीला गेले. ओसरीवर खराडेसाहेब शेंगा फोडत बसले होते. हात आता दोन्ही कापायला लागले होते, त्यामुळे दाण्यांपेक्षा टरफलंच जास्त इकडंतिकडं उडालेली. मी काही बोलायच्या आत त्यांना कळलं.

"कोण बोललं? ताहेरभाई?"

"कचेरीत कागद बघितला."

"हां," ते म्हणाले. "कागद कुणाचं ऐकत न्हाईत."

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले. त्या दिवशी खाणीत बोलले होते ते शब्द मला आठवत होते, आणि त्यांना आठवत नसतील असं समजायची सोय नव्हती. "मी तुम्हाला दानत नाही म्हटलं," मी म्हणाले. "चार वर्षं तुम्हाला काय काय म्हटलंय मी घरी. आणि तुम्ही ऐकून घेत राहिलात."

"त्यात काय? हात चालत नव्हता हे खरंच होतं की." त्यांनी एक शेंग कशीबशी फोडली आणि दाणे माझ्यापुढे केले. "खरं सांगू का? नऊ वर्षं ती पेटी मी उघडली नव्हती. उघडली की जीव तुटायचा. त्या खुर्चीवर बसून तुला मारताना बघितलं तेव्हापासनं झोप लागायला लागली मला. तू मला काय कमी दिलंस व्हय?"

थोडा वेळ आम्ही दोघं दाणे खात बसलो.

"तात्यांना बोललीस काय हे?"

"अजून नाही."

"बोलू नको. त्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट पोरीपासनं झाकली. झाकू दे त्याला."

"मग मी तुमचे आभार तरी कुठं मानू? घरात तुमचं नाव काढलं की मी कुरकुर करायची, असंच ठरलेलं आहे आमचं."

"हितं मान की," खराडेसाहेब म्हणाले. "आता मानलेसच न्हवं? जा, आत दूध हाय, चहा टाक. आणि नवीन अर्ज भर. ह्या खेपेला पदक बघून देतील. आलं की पिस्तूल घेऊन जा, माझ्यानं आता ती पिशवी उचलत न्हाई."

ते म्हणाले तसंच झालं. त्या खेपेला लायसन मिळालं. रीतसर कागद होऊन ताहेरभाईंच्या दुकानातून पिस्तूल माझ्या नावावर आलं. किती पैसे घेतले, ते खराडेसाहेबांनी कुणाला सांगायचं नाही अशी अट घातली, आणि ती मी अजून पाळते.

मी तात्यांना काही बोलले नाही. फक्त एका संध्याकाळी, ते परसात पॅटर्न घासत असताना, सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तात्या, त्या खराडेसाहेबांना एकदा जेवायला बोलवू या का? शेवटी दिलं ना त्यांनी पिस्तूल."

कानस थांबली. तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. काय बघत होते ते मला माहीत होतं, म्हणून मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले.

"बोलव," ते म्हणाले. "मटण मी आणतो. सकाळी लौकर जाऊन आणतो."

रविवारी खराडेसाहेब आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात गारगोटीच्या फणसाचे गरे. मी आत तांबडा रस्सा चुलीवरून उतरवत होते. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग काहीच आवाज येईना. पाणी न्यावं म्हणून मी तांब्या घेऊन दारापाशी आले.

माझे तात्या खराडेसाहेबांपेक्षा चार वर्षांनी मोठे. संपात कुणापुढे मान वाकवली नाही म्हणून फौंड्रीत नाव असलेला माणूस. ते खाली वाकले होते आणि त्यांचे दोन्ही हात खराडेसाहेबांच्या पायांवर होते. खराडेसाहेब त्यांना खांद्याला धरून उठवायला बघत होते, पण त्यांच्या कापऱ्या हातांना ते जमत नव्हतं.

मी तशीच मागे सरले. तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि ताटं काढताना भांडी जरा जोरातच वाजवली, म्हणजे बाहेर कळावं, की पोरगी आत आहे आणि तिला अजून बराच वेळ लागणार आहे.